एवढीशी गोळी टी पेशींना ओळखू कशी येते?

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या आईंना, वय ६८, गालापासून जबड्यापर्यंत जीवघेण्या कळा यायच्या. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याचं, निदान झालं आणि कार्बामाझेपिन हे फिटवरही दिलं जाणारं औषध सुरू झालं. दोन आठवडे औषध छान लागू पडलं. मग ताप आला, डोळे लाल झाले, तोंड आलं, आणि दोन दिवसांत छातीपाठीवर काळपट चट्टे उठून कातडी सुटायला लागली. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. बरेच दिवस हॉस्पिटलात काढून आई आता घरी आल्या आहेत. "ही टी पेशींची ॲलर्जी आहे," एवढं डॉक्टरांनी सांगितलं. टी पेशी म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार.

ताईंचे प्रश्न असे: दोन आठवडे सोसलेली गोळी अचानक कशी बाधली? नंतर केलेल्या ॲलर्जीच्या रक्ततपासणीत आयजीई नॉर्मल कसं आलं? एवढ्याशा गोळीला पेशी ओळखतात तरी कशा? आणि आम्हा भावंडांना हा धोका आहे का? शिवाय एक प्रश्न ताईंच्या मुलीबद्दल. तिला फिट येतात आणि सध्या तिचं औषध बदलायचं घाटतं आहे.

मुलीचं आधी सांगतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन किंवा फेनिटॉइन यांपैकी काहीही तिला नव्यानं सुरू होणार असेल, तर आजीला काय झालं ते न्यूरोलॉजिस्टच्या कानावर घातल्याशिवाय पहिली गोळी देऊ नका. तिचं सध्याचं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. अचानक औषध तोडलं तर फिट लागून राहण्याचा धोका असतो. हे असं का, ते कळायला गोळी ओळखण्याच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल.

ॲलर्जी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेनिसिलिनचं इंजेक्शन, पाच मिनिटांत अंगावर उठलेल्या गांधी, सुजलेले ओठ, लागलेली धाप हे चित्र येतं. ते काम आयजीई नावाच्या प्रतिपिंडाचं. गेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ साली अशा अतिसंवेदनशील प्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले. त्यात हा पहिला, आणि आईंना झाला तो चौथा. चौथ्यात प्रतिपिंडांचा संबंध नाही, थेट टी पेशी कामाला लागतात. म्हणून आईंचं आयजीई नॉर्मल येणं साहजिकच होतं. ती तपासणी वेगळ्याच आजाराची होती, आणि हजारो रुपयांचे ॲलर्जी पॅनेल करून आलेली मंडळी "सगळं नॉर्मल आहे" म्हणून तीच गोळी पुन्हा सुरू करायला निघतात तेव्हा मला खरोखर धास्ती वाटते. इंजेक्शनआधी कातडीत टोचून वीस मिनिटं थांबतात त्या टेस्ट डोसचंही तेच. वीस मिनिटांत दिसेल ते आयजीईचं काम. टी पेशींना पहिल्यांदा जागं व्हायला तास नाही, दिवस लागतात.

आता टी पेशी बघतात काय? रक्तात तरंगणारं मोकळं औषध त्यांना दिसतच नाही. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत बनलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एका तबकात मांडून बाहेर धरून उभी असते. त्या तबकाचं नाव एचएलए. तुकडा साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचा असतो. टी पेशी या तबकांवरून फिरते आणि तिच्या अंगावरचा ग्राहक रेणू, म्हणजे टीसीआर, तबक आणि त्यातला तुकडा हे दोन्ही एकदम तपासतो. तुकडा घरचा असेल तर ती पुढे जाते, विषाणूचा असेल तर ती पेशी मारते. तुकडा ओळखीच्या तबकात असेल तरच टी पेशीला कळतो, हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. औषधांच्या ॲलर्जीचा सगळा गुंता याच नियमात आहे. कारण कार्बामाझेपिनचा रेणू जेमतेम २३६ डाल्टनचा. एवढ्याशा रेणूला टी पेशीनं दखल घ्यावी असं स्वतःचं काही नसतं. तो दिसतो तेव्हा कुणाच्या तरी तबकातच दिसतो.

तबकात तो पोचतो कसा, याची पहिली समजूत जुनी आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी, ज्यांनी रक्तगटही शोधले, १९३० च्या दशकात दाखवलं की छोटी रसायनं एखाद्या प्रथिनाला पक्की चिकटली की मगच शरीर त्यांच्यावर उठतं. अशा रसायनाला हॅप्टन म्हणतात. पेनिसिलिन हा त्याचा पाठ्यपुस्तकातला नमुना. त्याचं बीटा-लॅक्टम कडं उघडतं आणि रक्तातल्या अल्ब्युमिनच्या लायसिनला जाऊन घट्ट बसतं. पुढे ते प्रथिन पेशीत कापलं गेलं की औषध चिकटलेला तुकडा तबकात येतो आणि टी पेशीला तो परका दिसतो. काही औषधं स्वतः चिकट नसतात, यकृतात त्यांचं रूप बदललं की चिकट होतात. को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकमधलं सल्फामेथोक्साझोल असंच आहे. त्यापासून बनणारं नायट्रोसो रूप प्रथिनांवर तुटून पडतं. केस काळे करायच्या डायमधलं पीपीडी हेही याच जातीचं. डाय लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ आणि पापण्या सुजतात, त्याच दिवशी नाही, ते यामुळेच.

पण ही समजूत सगळ्या औषधांना पुरेना. गेल्या शतकाच्या शेवटी स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या प्रयोगशाळेत वर्नर पिखलर यांच्या गटानं औषधाची ॲलर्जी झालेल्या रुग्णांच्या टी पेशी वेगळ्या करून वाढवल्या आणि त्यांच्यासमोर तबकधारी पेशी ठेवल्या. मात्र त्या पेशी आधी ग्लुटरल्डिहाइडनं थिजवून टाकल्या होत्या. थिजलेली पेशी प्रथिन कापू शकत नाही, नवा तुकडा तबकात मांडू शकत नाही. हॅप्टनची समजूत हाच एक मार्ग असता तर काहीच घडायला नको होतं. तरी औषध घातल्याबरोबर टी पेशी पेटल्या, काही क्षणांतच त्यांच्यातलं कॅल्शियम वाढलं. आणि पेशी धुऊन औषध काढून टाकलं की सगळं शांत. पक्कं चिकटलेलं असतं तर धुऊन निघालं नसतं. याचा अर्थ औषध तबक आणि टीसीआर यांच्या मधल्या फटीत सैलसर बसतं, आणि तेवढ्यानंच टी पेशीची फसगत होते. पिखलर यांनी याला पी-आय संकल्पना म्हटलं. सुरुवातीला हे पटवून घेणं अनेकांना जड गेलं, कारण औषधाचं औषध म्हणून असलेलं काम आणि हे काम यांचा काही संबंधच नव्हता. निव्वळ आकार जुळला म्हणून घडलेली गोष्ट. मला मात्र दवाखान्यात जे दिसतं ते याच प्रयोगानं सर्वांत जास्त उलगडतं: तीच गोळी, तोच डोस, एका माणसाला वर्षानुवर्षं सुखरूप आणि दुसऱ्याची दोन आठवड्यांत कातडी सोलते. औषधात फरक नसतो, तबकात असतो.

तिसरा मार्ग एचआयव्हीच्या अबाकाविर या औषधामुळे सापडला, आणि तो सर्वांत चकित करणारा आहे. अबाकाविर घेणाऱ्यांपैकी साधारण ५ ते ८ टक्के लोकांना ताप, पुरळ, उलट्या, धाप असा घोर त्रास व्हायचा. २००२ मध्ये लक्षात आलं की या लोकांचं तबक एचएलए-बी*५७:०१ या प्रकारचं असतं. २०१२ मध्ये स्फटिकांच्या अभ्यासातून नेमकं काय होतं तेही दिसलं. अबाकाविर तबकाच्या तळाशी असलेल्या एका खोबणीत जाऊन बसतं. वरून ते फारसं दिसतही नाही, पण तळाचा आकार बदलल्यामुळे एरवी ज्यांना तिथं जागा मिळाली नसती असे घरचेच तुकडे तबकात येतात. टी पेशींनी ते लहानपणी, थायमस या ग्रंथीत घडताना, कधी पाहिलेले नसतात, त्यामुळे परके समजून त्या हल्ला करतात. अवयव प्रत्यारोपणात शरीर परक्या मूत्रपिंडावर उठतं, त्याच्या बरंच जवळ जाणारं हे प्रकरण आहे. आणि याचा फायदा फार मोठा झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, १९ देशांतल्या १९५६ रुग्णांच्या अभ्यासात आधी एचएलए तपासून मग औषध दिलं, तेव्हा तपासणी केलेल्या गटात चाचणीनं पक्की ठरलेली अबाकाविरची ॲलर्जी एकालाही झाली नाही. न तपासलेल्या गटात २.७ टक्के लोकांना झाली. आज तपासल्याशिवाय अबाकाविर सुरू करू नये असाच नियम आहे.

आता आईंकडे येऊ. २००४ साली तैवानमधून एक शोध आला: कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेल्या ४४ च्या ४४ रुग्णांत एचएलए-बी*१५:०२ सापडलं. तेच औषध विनात्रास घेणाऱ्या १०१ जणांत ते फक्त ३ जणांत होतं. एवढं घट्ट नातं वैद्यकशास्त्रात क्वचित सापडतं. पुढे २०११ मध्ये तिथेच जवळपास पाच हजार लोकांची औषधाआधी तपासणी झाली. ज्यांच्यात हा प्रकार सापडला त्यांना दुसरं औषध दिलं, आणि त्या सगळ्यांत एकालाही स्टीव्हन्स-जॉन्सन झाला नाही. हा प्रकार चीन, तैवान, थायलंड, मलेशियाकडे जास्त आहे. युरोपीय आणि जपानी लोकांत जवळजवळ नाही, तिथे एचएलए-ए*३१:०१ हा दुसरा प्रकार पुढे येतो. आपल्याकडे? २००९ मध्ये भारतीय रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठपैकी सहा जणांत बी*१५:०२ होतं. म्हणजे "हे चिनी लोकांचं आहे, आपल्याला काय त्याचं" असं म्हणून चालणार नाही. भारतात शंभरात साधारण दोन ते चार लोकांत हा प्रकार असावा, समाजासमाजात कमीजास्त. कार्बामाझेपिन या तबकावर जाऊन थेट बसतं, यकृतात रूप बदलायची किंवा प्रथिनाला चिकटायची त्याला गरज पडत नाही.

मग बी*१५:०२ असलेल्या प्रत्येकाला हा आजार का होत नाही? खरोखरच होत नाही. शंभरांतल्या मोजक्यांनाच होतो. कारण तबक जुळलं तरी ते वाचणारी टी पेशी त्या माणसाकडे असावी लागते. तैवानच्याच संशोधकांना रुग्णांच्या टी पेशींवर ठरावीक घडणीचे टीसीआर पुन्हा पुन्हा सापडले, आणि औषध पचवणाऱ्या लोकांत ते क्वचितच होते. त्यात आणखी एक धागा आहे. अंगात विषाणूचा जोर असला की टी पेशी आधीच तापलेल्या असतात. एपस्टीन-बार विषाणूच्या तापात ॲम्पिसिलिन दिलं तर बऱ्याच जणांच्या अंगभर पुरळ उठतं, आणि त्यांच्यापैकी अनेकांना नंतर तेच औषध चालतं. एचआयव्ही असलेल्यांना को-ट्रायमोक्साझोल इतरांपेक्षा कितीतरी जास्त बाधतं. तेव्हा तबक, ते वाचणारी टी पेशी आणि शरीराची त्या वेळची अवस्था, असं सगळं जुळून यावं लागतं. युरिक ॲसिडच्या ॲलोप्युरिनॉलमध्ये याला मूत्रपिंडाचीही जोड मिळते. एचएलए-बी*५८:०१ आहे आणि मूत्रपिंडं मंद आहेत, अशा माणसाच्या रक्तात या गोळीपासून बनणारं ऑक्सिप्युरिनॉल साठत जातं आणि धोका वाढतो. नुसता युरिक ॲसिडचा आकडा वाढलेला पाहून, सांधा कधी सुजलेला नसताना, ही गोळी सुरू करणं मला म्हणूनच पटत नाही.

"दोन आठवडे काही झालं नाही" याचंही उत्तर इथेच आहे. औषध ओळखू शकेल अशी टी पेशी सुरुवातीला लाखांत एखादीच असते. तिनं औषध पाहायचं, विभागत विभागत तिची फौज व्हायची, मग ती फौज कातडीत उतरायची, याला वेळ लागतो. साधं पुरळ चार ते चौदा दिवसांत उठतं, स्टीव्हन्स-जॉन्सन बहुधा चार दिवस ते चार आठवडे, आणि ड्रेस नावाचा प्रकार (ताप, सुजलेला चेहरा, गाठी, वाढलेले इओसिनोफिल, बिघडलेलं यकृत) दोन ते आठ आठवडे. त्यामुळे आदल्या दिवशी घेतलेल्या गोळीवर संशय घेणं बऱ्याचदा चुकतं. रुग्ण म्हणतो, "कालच ती तापाची गोळी घेतली आणि आज हे झालं." पण ताप आला होता तोच आजाराची सुरुवात म्हणून, खरी गुन्हेगार गोळी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली असते. आणि तेच औषध पुन्हा दिलं तर आठवणीच्या टी पेशी तयारच असतात. मग दोन आठवडे लागत नाहीत, एखाद-दोन दिवसांत आजार येतो, तोही बहुधा आधीपेक्षा जोरानं.

या आठवणीचं सर्वांत स्पष्ट रूप पाहायचं असेल तर फिक्स्ड ड्रग इरप्शन पाहा. नवरात्र संपता संपता माझ्याकडे असे रुग्ण हमखास येतात. नऊ रात्री गरबा खेळून पोटऱ्या भरून आलेल्या असतात, मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतलेली असते, आणि काही तासांत खालच्या ओठावर जळजळ होऊन जांभळट गोल डाग उठतो. कडा अगदी रेखलेली, मधला भाग काळपट, कधी वर फोड. "गेल्या वर्षीही इथेच झालं होतं," असं रुग्ण सांगतो, आणि नीट उजेडात पाहिलं तर जुन्या डागाची राखाडी सावली नव्याच्या खाली अजून असते. पहिल्या वेळी आलेल्या काही सीडी८ टी पेशी (टी पेशींमधल्या मारेकरी) कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी मुक्काम ठोकून बसलेल्या असतात. त्या रक्तात फिरत नाहीत. गोळी पोटात गेली की अर्ध्या तासापासून आठेक तासांत त्या आपल्या जागेवरूनच आजूबाजूच्या पेशी मारायला लागतात. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलसारख्या जुलाबाच्या जोडगोळ्या, दुखण्याच्या गोळ्या, सल्फा ही नेहमीची कारणं. बऱ्याच जणांना हे नागीण वाटतं, उष्णता वाटते, आणि गोळीकडे लक्षच जात नाही.

स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये याच सीडी८ पेशी एका डागापुरत्या थांबत नाहीत. त्या परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही पेशी मारणारी प्रथिनं सोडतातच, पण फोडांतल्या पाण्यात सर्वांत जास्त सापडतं ते ग्रॅन्युलायसिन. २००८ साली हेही तैवानमध्येच उघड झालं. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी ठिकठिकाणी मरतात आणि थर खालून सुटतो. डोळ्यांनी दिसायच्या आधी रुग्णाला ते जाणवतं. पुरळ खाजत नाही, दुखतं. चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. काळपट डागाशेजारी बोटानं हलकेच दाबून सरकवलं तर वरची कातडी सुरकुतून सरकते. ओठांवर रक्ताचे खपले, पाणी गिळणंही मुश्कील, डोळ्यांत चिकटा. कातडी अंगाच्या दहा टक्क्यांहून कमी सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, तीस टक्क्यांच्या वर गेली तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, मधलं दोघांच्या सीमेवरचं. पहिल्यात साधारण दहातला एक रुग्ण दगावतो, दुसऱ्यात तीनातला एक. औषध किती लवकर थांबलं यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून नवं औषध सुरू झाल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत ताप आणि पुरळ, त्यात तोंड येणं, डोळे लाल होणं, कातडी दुखणं किंवा चेहरा सुजणं यांतलं एक जरी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रात्र असली तरी.

मग टी पेशींची तपासणी नाहीच का? आहे, पण तिला मर्यादा आहेत. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पॅच टेस्ट करता येते: औषध पाठीवर चिकटवून ४८ तासांनी आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघायचं. ड्रेसमध्ये कार्बामाझेपिनसाठी ती बऱ्याचदा काही सांगून जाते, स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये कमी, आणि ॲलोप्युरिनॉलसाठी जवळजवळ कधीच नाही. रक्तातल्या टी पेशी औषधाबरोबर वाढवून बघायची लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन टेस्ट आहे, ती मोजक्या प्रयोगशाळांत होते. दोन्हींचा निकाल निगेटिव्ह आला म्हणजे औषध निर्दोष ठरलं असं नाही. आणि गोळी पुन्हा खाऊन बघणं हा प्रयोग स्टीव्हन्स-जॉन्सन, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस आणि ड्रेस यांनंतर कधीही, कुणीही, कितीही थोड्या डोसनं करायचा नाही. खरं निदान अजूनही तारखांवरच होतं: कोणतं औषध कधी सुरू झालं आणि पहिलं लक्षण कधी आलं.

आणि नेमकं तेच आपल्याकडे हाती लागत नाही. अलेंबिक १९०७ पासून ज्या गावात आहे, जिथे घराआड कुणी ना कुणी औषधाच्या धंद्यात आहे, त्या वडोदऱ्यातही लोक गोळ्या ओळखतात त्या "ती पांढरी, लांबट" अशा. मेडिकलवाले दहाची पट्टी कापून चार गोळ्या देतात आणि नाव छापलेला कोपरा दुकानातच राहतो. त्यामुळे ताई, एक काम आजच करा. आईंच्या डिस्चार्ज कागदावर "औषधाची ॲलर्जी" एवढंच लिहिलं असेल तर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, सुरू केल्याची तारीख, लक्षणाची तारीख आणि आजाराचं नाव लिहून घ्या. ब्रँडचं नाव पुरेसं नाही. कार्बामाझेपिन कितीतरी ब्रँडच्या नावांनी मिळतं. त्याची चिठ्ठी आईंच्या पर्समध्ये आणि फोटो सगळ्या भावंडांच्या फोनमध्ये. घटनेची नोंद सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडेही करता येते, नि:शुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्णाच्या घरच्यांनाही ती करता येते.

चिठ्ठीवर आणखी नावं हवीत. आईंच्या कळा थांबलेल्या नाहीत, उद्या पुण्याला मुलाकडे गेल्या आणि तिथे दुखणं उठलं तर नवे डॉक्टर कार्बामाझेपिनला पर्याय म्हणून सर्वांत आधी ऑक्सकार्बाझेपिनच काढतील. ते रचनेनं सख्खं भावंड आहे आणि बी*१५:०२ च्या तबकावर तेही बसतं. फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोन याच कुळातले, म्हणजे तीही नकोत. आईंच्या कळांसाठी गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन, बॅक्लोफेन असे वेगळ्या घडणीचे पर्याय आहेत, आणि औषधांनी भागलं नाही तर शस्त्रक्रियाही आहे. उलट नको तितकं घाबरूनही जाऊ नका. कार्बामाझेपिन बाधलं म्हणून पेनिसिलिन, पॅरासिटामॉल किंवा बीपीच्या गोळ्या बंद करायचं काही कारण नाही. टी पेशी एका आकाराला भुलल्या आहेत, सगळ्या औषधांना नाही.

आता भावंडं आणि मुलगी. एचएलए आईवडिलांकडून येतं, दोघांकडून एकेक संच. आईंकडे बी*१५:०२ एकच प्रत असेल तर तुम्हा प्रत्येक भावंडाकडे ते येण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्याकडे आलं असेल तर तुमच्या मुलीकडे जाण्याची पुन्हा निम्मी. म्हणून आधी आईंची तपासणी करणं सोयीचं. साधं रक्त लागतं, उपाशीपोटी वगैरे काही नाही, आणि आयुष्यात एकदाच करायची असते कारण एचएलए बदलत नाही. नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातो, निकालाला काही दिवस लागतात. मागताना "कार्बामाझेपिनसाठी एचएलए-बी*१५:०२" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि जमल्यास ए*३१:०१ सुद्धा. आईंचा निकाल निगेटिव्ह आला तरी त्यांनी ते औषध पुन्हा घ्यायचं नाही. त्यांच्या शरीरानं उत्तर दिलेलं आहे. तुमच्यापैकी कुणाचा पॉझिटिव्ह आला तर तो आजार नव्हे, फक्त या कुळातली औषधं टाळायची एवढाच त्याचा अर्थ. आणि नात्यातलं कुणी वर्षभर कार्बामाझेपिन सुखरूप घेत असेल तर त्याला ते सोडायला लावू नका, कारण हा धोका जवळजवळ सगळा पहिल्या काही महिन्यांतच असतो.

मुलीची तपासणी मात्र आईंच्या निकालाची वाट न पाहता करा. पॉझिटिव्ह आली तर लेव्हेटिरासेटॅमसारखे पर्याय आहेत. वॅल्प्रोएट या कुळातलं नाही, पण पुढच्या गरोदरपणाचा विचार करून मुलींना ते शक्यतो देत नाहीत. लॅमोट्रिजिन द्यायचं ठरलं तर त्याचा डोस अगदी हळूहळू वाढवावा लागतो, घाईनं वाढवला तर त्यानंही स्टीव्हन्स-जॉन्सन होतो. मुलीचा निकाल निगेटिव्ह आला तर धोका बराच कमी झाला, संपला नाही, कारण आईंचं तबक कदाचित दुसरंच कुठलं असेल. घरात एकाला झालेलं असताना मी असतो तर तरीही दुसऱ्या कुळातलं औषध निवडण्याकडे कल ठेवला असता. हे न्यूरोलॉजिस्टशी मोकळेपणानं बोला.

आईंचे डोळे तुमच्या प्रश्नात आले नाहीत, पण ते राहून जाऊ नयेत. या आजारात कातडी भरून येते, पापण्यांच्या आतलं अस्तर मात्र आखडून, चिकटून, कोरडं पडून पुढे बुबुळ घासू शकतं, आणि हे घरी आल्यानंतर काही महिन्यांनीही सुरू होतं. डोळ्यांत खुपणं, उजेड सहन न होणं, सतत पाणी किंवा अगदीच कोरडेपणा यांची वाट न पाहता त्यांना या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पहिलं वर्षभर ते सांगतील त्या अंतरानं दाखवत राहा.